छतात हूक लावण्याआधी: लाकूड कसं शोधायचं, वायर कशी टाळायची आणि कामाचा क्रम काय असावा

छताला हूक लावताना चुका दोनच जातीच्या होतात. पहिली, हूक लाकडात बसलाच नाही. नुसता जिप्सम बोर्डात अडकला आणि काही दिवसांनी टांगलेल्या कुंडीसकट खाली आला. दुसरी, हूक लाकडात छान बसला, पण वाटेत वायर होती. पहिली चूक लगेच कळते. दुसरी कित्येकदा त्या दिवशी कळतच नाही. वायरवरचं आवरण नुसतं खरवडलेलं असतं, दिवा लागतो, पंखा फिरतो, सगळं ठीक वाटतं. बिघाड डोकं वर काढतो तो नंतर कधीतरी, आणि तोही सुकं लाकूड आणि वर्षानुवर्षांची धूळ असलेल्या बंद पोकळीत.

बहुतेक जण काळजी घेतात ती पहिल्या चुकीची. लाकूड सापडलं की ड्रिल उचलतात. जे सावध असतात ते कामाला हात लावण्याआधीच मेन स्विच बंद करतात, आणि नेमका इथेच क्रम चुकतो. वीज बंद असेल तर वायर शोधणाऱ्या उपकरणाला शोधायला काही उरतच नाही. म्हणून या लेखातली एक गोष्ट पक्की धरून ठेवा: वायर शोधायची वीज चालू ठेवून, भोक पाडायचं वीज बंद करून. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. मधला एखादा गाळू नका, पुढचा आधी करू नका.

## टप्पा १: काय टांगणार आहात ते आधी ठरवा

हूक विकत घेण्याआधी वस्तूचं वजन करा. कुंडी असेल तर पाणी घातल्यावरचं वजन धरायचं, कोरड्या मातीचं नाही. भिजलेल्या कुंडीचा काटा कोरडीपेक्षा बराच पुढे जातो, आणि हुकाला पेलायचं असतं ते तेच वजन.

त्यानंतर विचारायचं की वस्तू स्थिर राहणार की हलणार. झोका, झोळी, व्यायामाची बॅग या गोष्टी स्वतःच्या वजनापेक्षा खूप जास्त ओढतात. झोका सरळ उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत वर जाऊन खाली आला, तर अगदी तळाच्या क्षणी दोरीवर वजनाच्या दुप्पट ताण येतो. दोरी आडवी होईपर्यंत गेला तर तिप्पट. आणि हा ताण एकदाच येऊन थांबत नाही, प्रत्येक हेलकाव्याला हुकाच्या आट्यांना ढिलं करत राहतो.

म्हणून माणूस बसणार असेल, किंवा वस्तू जोराने हलणार असेल, तर साधा स्क्रूचा हूक नकोच. तिथे तुळईच्या आरपार जाणारा बोल्ट, किंवा दोन तुळयांवर भार वाटणारं आडवं लाकूड लागतं, आणि तुळई हा भार घेईल का हे जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. छताच्या पंख्यालाही हा लेख लागू नाही. त्याला फिरतं वजन पेलणारी स्वतंत्र बैठक लागते. इथे आपण बोलतोय ते कुंडी, दिव्याची शेड, पडद्याची दांडी, हलकी टोपली अशा स्थिर वस्तूंबद्दल.

## टप्पा २: छत कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

लाकूड शोधायला लागण्याआधी छतात लाकूड आहे का, हे तर बघा.

जिप्सम बोर्ड आणि वर लाकडी तुळया. बोटाच्या पेराने टकटक केलं तर बहुतेक ठिकाणी पोकळ आवाज येतो आणि ठराविक अंतराने भरीव. बोर्डाची जाडी साधारण १२.५ मिमी, काही ठिकाणी १५ ते १६ मिमी असते.

जुनं पट्ट्या-गिलाव्याचं छत. यात तुळयांना आडव्या बारीक लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर गिलावा चढवलेला असतो. इथे टकटक फसवते, कारण जिथे वाजवाल तिथे थोडं लाकूड आणि थोडा गिलावा लागतोच. स्टड फाइंडर, म्हणजे बोर्डामागचं लाकूड शोधणारं उपकरण, तेही गोंधळतं. अशा छतात लोहचुंबक जास्त कामाचं, कारण पट्ट्यांचे खिळे तुळयांच्या रेषेतच ठोकलेले असतात.

धातूच्या चॅनलवरचं फॉल्स सीलिंग. वर काँक्रीटचा स्लॅब, त्याला लोंबकळणारे पत्र्याचे चॅनल आणि खाली बोर्ड. इथे लाकूड नसतंच. लोहचुंबक एका एका ठिपक्यावर न चिकटता चॅनलच्या पूर्ण लांबीभर ओढलं जात असेल तर हेच छत समजा. पातळ चॅनलमध्ये हूक पिळून वजन टांगू नका.

काँक्रीट. कुठेही वाजवा, एकसारखा ठणठणीत आवाज. यातल्या वायरी स्लॅबच्या आतल्या पाइपांमधून जातात. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये प्रचंड ताणलेल्या पोलादी केबल असतात, त्यातली एक तुटली तर जिवावर बेतू शकतं. आराखडा हातात असल्याशिवाय तिथे ड्रिल लावू नये. त्याची पद्धत वेगळी आहे, या लेखात ती घेतलेली नाही.

> थांबा: छतावर जुना खरबरीत लेप असेल किंवा जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. नमुना प्रयोगशाळेत तपासून घेईपर्यंत खरवडायचं नाही आणि भोकही पाडायचं नाही. त्याचे तंतू श्वासावाटे आत गेले की फुप्फुसात राहतात.

आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्या. वर थेट छप्पर असेल तर दिसणाऱ्या तुळया म्हणजे कैच्यांची, छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांची, खालची लाकडं असू शकतात. कैची मोजूनमापून ठराविक भारासाठीच बनवलेली असते. त्यावर हलकी वस्तू चालेल, जड टांगायची असेल तर अभियंत्याला विचारा. कैचीचे सांधे दातेरी पत्र्याने जोडलेले असतात, तिथे तर भोक पाडायचंच नाही.

## टप्पा ३: सामान जवळ घ्या

शिडीवर चढल्यावर लक्षात येतं की पेन्सिल खालीच राहिली. मग माणूस एका हाताने तोल सांभाळत घाई करतो. तेव्हा आधी सगळं एका पिशवीत भरून घ्या:

- छोटं पण जोरदार लोहचुंबक, निओडिमियमचं असेल तर उत्तम
- स्टड फाइंडर, शक्यतो चालू वायर दाखवणारा
- स्पर्श न करता वीज दाखवणारा टेस्टर
- मेजरिंग टेप, पेन्सिल, मास्किंग टेप
- बारीक आरी (टोचून भोक पाडायचं टोकदार हत्यार, करवत नव्हे) किंवा पातळ खिळा
- २ मिमीचं बिट, आणि हुकाच्या मापाचं बिट
- बॅटरीवर चालणारं ड्रिल
- डोक्याला लावायची बॅटरी, डोळ्यांचा बंदिस्त गॉगल, धुळीचा मास्क
- हलत नाही अशी घडीची शिडी

ड्रिल बॅटरीचंच हवं. वीज बंद करून काम करायचं असताना वायरचं ड्रिल चालवायला माणसं दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन ओढतात, म्हणजे एखादी लाइन चालूच ठेवतात. तीच लाइन नेमकी याच छतावरून गेलेली असू शकते.

## टप्पा ४: तुळयांची दिशा आणि अंतर शोधा

तुळया साधारणपणे खोलीच्या कमी लांबीच्या दिशेने टाकलेल्या असतात, कारण छोटं अंतर पार करायला लाकूड कमी लागतं. हा नियम नव्हे, सुरुवातीचा अंदाज. दोन तुळयांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर बहुधा ४०० ते ६०० मिमी असतं. एका तुळईची खालची रुंदी साधारण ३८ ते ५० मिमी.

आता क्रमाने:

१. खोली अंधारी करा आणि बॅटरीचा झोत छताला जवळजवळ समांतर ठेवून फिरवा. बोर्डाचे जोड, पुट्टीखालून किंचित वर आलेली स्क्रूची डोकी, हलके उंचवटे या तिरप्या उजेडात उठून दिसतात. दिवसा हेच छत अगदी सपाट वाटतं.

२. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत. तुळया ज्या दिशेला असाव्यात असं वाटतं, तिला आडवं जात ते सरकवत न्या. स्क्रूखाली आलं की हाताला बारीकसा हिसका बसतो आणि चुंबक तिथेच चिकटून राहतं. तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा.

३. एका खुणेवर समाधान मानू नका. त्याच रेषेत पुढे-मागे निदान आणखी दोन स्क्रू शोधा. तीन खुणा एका सरळ रेषेत आल्या तरच ती तुळईची रेषा असण्याची शक्यता धरा.

४. शेजारची दुसरी रेषा शोधून अंतर मोजा. मग तिसरी रेषा कुठे यायला हवी ते मोजून खूण करा आणि चुंबकाने तिथे आहे का बघा. अंदाजाच्या जागी तिसरी सापडली की दिशा आणि अंतर, दोन्ही पक्कं झालं.

५. शेवटी स्टड फाइंडर. तो सुरू करायचा पोकळ जागेवर. बरीच उपकरणं सुरू होताना जिथे टेकलेली असतात ती जागा ‘रिकामी’ धरून बाकीचं मोजतात. नेमकं तुळईखालीच सुरू केलं तर लाकूडच रिकामं ठरतं आणि पुढचे सगळे इशारे चुकतात. डावीकडून येऊन एक कड खुणवा, उजवीकडून येऊन दुसरी. हूक लावायचा तो या दोन खुणांच्या मधोमध. रंग नुकताच दिलेला असेल तर तो पूर्ण वाळू द्या, ओलाव्याने उपकरण चुकीचं दाखवतं.

मला स्वतःला इथे एकदा चांगलाच धडा मिळाला. चुंबकाने सुंदर सरळ रेषा दाखवली होती, अंतरंही अगदी सारखी. हूक लाकडात कडक बसला. तीन आठवड्यांनी तो कुंडीसकट झुकलेला दिसला. उघडून पाहिलं तर बोर्ड तुळयांना नव्हे, तुळयांना आडव्या ठोकलेल्या रिपांना लावलेला होता. रीप जेमतेम १९ मिमी जाडीची, त्यामुळे हुकाचे मोजके आटेच लाकडात होते आणि बाकीचे रिकाम्या हवेत. म्हणून चुंबकाच्या रेषेवर माझा आता पूर्ण भरवसा नाही. टप्पा ७ मधलं चाचणीचं भोक त्यासाठीच आहे.

> पडताळा: एकमेकांना समांतर निदान तीन रेषा सापडल्या? अंतरं सारखी आली? रेषा खोलीच्या लांबीच्या दिशेने निघाल्या तर रिपांची शंका जास्त घ्या.

## टप्पा ५: वीज चालू ठेवून वायर शोधा

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, म्हणून इथे जरा थांबू या.

पहिल्यांदा डोळ्यांनी. छताच्या खाली उभे राहून दिव्याची जागा, पंख्याची जागा, धुराचा अलार्म, स्पीकर, भिंतीवरचे स्विचबोर्ड, सगळं कागदावर काढा. मग मनातल्या मनात रेषा जोडा: स्विचबोर्डापासून सरळ वर, तिथून दिव्याकडे, एका दिव्याकडून दुसऱ्याकडे, या खोलीतल्या दिव्याकडून शेजारच्या खोलीतल्या दिव्याकडे. कित्येक घरांत छतातला दिव्याचा पॉइंट हाच जंक्शन असतो. तिथे मेन लाइन येते, पुढच्या दिव्याला जाते आणि एक वायर खाली स्विचकडे उतरते. म्हणजे एकाच ठिकाणाहून तीन-चार दिशांना वायरी फुटलेल्या.

भिंतीत वायरी निदान स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा बाजूला असण्याची अपेक्षा तरी ठेवता येते. छताच्या पोकळीत तेवढाही भरवसा नाही. तिथे वायर तिरपी, सैल, कशीही टाकलेली असू शकते. वर मजला असेल तर वरच्या खोलीच्या सॉकेटच्या वायरी आणि पाण्याचे पाइपही याच पोकळीत असतात. आपल्या खोलीत त्यांची एकही खूण दिसत नाही. वर जाऊन सॉकेट, नळ, बाथरूम कुठे आहेत ते पाहून कागदावर लिहा.

आता उपकरणांनी:

१. खोलीतले आणि वरच्या मजल्यावरचे सगळे दिवे चालू करा. स्विचपासून दिव्यापर्यंतची वायर स्विच बंद असताना मृत असते, त्यामुळे ती उपकरणाला दिसत नाही.

२. जिन्यासारखा दोन ठिकाणांहून चालू-बंद होणारा दिवा असेल तर दोन्ही स्विच उलटसुलट करून दोनदा तपासा. त्यातल्या दोन वायरींपैकी एका वेळी एकच जिवंत असते.

३. टेस्टर आधी चालू सॉकेटवर धरून तो काम करतोय याची खात्री करा.

४. हूक लावायच्या जागेभोवती निदान ३०० मिमीच्या चौकोनात उपकरण सावकाश फिरवा, एकदा उभं, एकदा आडवं. मोकळा हात छताला किंवा भिंतीला टेकवून ठेवलात तर अंगातल्या स्थिर विजेमुळे येणारे खोटे इशारे कमी होतात.

५. जिथे इशारा येईल तिथे वेगळ्या रंगाची टेप लावा. इशाऱ्याचे ठिपके रेषेत येत असतील तर ती वायर, आणि ती रेषा पुढे कुठे जाते ते भिंतीपर्यंत माग काढत बघा.

उपकरणाला काय दिसत नाही, हेही माहीत असायला हवं. धातूच्या पाइपातली किंवा पत्र्यामागची वायर बहुधा दिसत नाही. बरीच घरगुती उपकरणं वायर दाखवतात ती साधारण ५० मिमी खोलीपर्यंत. पेनासारखा टेस्टर त्याहूनही कमी. इंटरनेट, स्पीकर, दारावरची घंटी यांच्या कमी दाबाच्या वायरी तर जवळजवळ दिसतच नाहीत. ‘इशारा आला’ याचा अर्थ वायर आहे असं धरा. ‘इशारा आला नाही’ याचा अर्थ वायर नाही असा होत नाही.

वर पोटमाळा असेल तर सरळ वर जाऊन बघणं या सगळ्याहून चांगलं. पाय फक्त तुळयांवर ठेवा, बोर्डावर पाऊल पडलं तर माणूस आरपार खाली येतो. इन्सुलेशनचा थर असेल तर तो हातमोजे घालून हळूच बाजूला करा, वायरी बहुधा त्याखाली लपलेल्या असतात. वरचं आणि खालचं माप एकाच ठिकाणापासून घ्या, उदाहरणार्थ एकाच बाहेरच्या भिंतीपासून. भिंतीची जाडी हिशेबात धरायला विसरू नका.

> थांबा: दिव्याच्या पॉइंटपासून ३०० मिमीच्या आत, स्विचबोर्डाच्या सरळ वर, किंवा दोन दिव्यांना जोडणाऱ्या रेषेवर हूक येत असेल तर जागा बदला. शेजारची तुळई अर्ध्या मीटरवर असतेच. कुंडी थोडी सरकली म्हणून काही बिघडत नाही.

### ‘तुळईच्या मध्यात म्हणजे सुरक्षित’ हा गैरसमज

हे वेगळं सांगायलाच हवं. वायरी तुळयांच्या कडेनेच जातात असं नाही. तुळयांना आडवं जायचं असेल तर त्यांतून भोक पाडून वायर आरपार नेतात. ते भोक तुळईच्या खालच्या कडेपासून किती वर असावं याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये संरक्षण नसलेल्या वायरीसाठी ते अंतर निदान ५० मिमी, अमेरिकेत साधारण ३२ मिमी. आता हिशोब करा. तुमच्या हुकाचे आटे ५० मिमी लाकडात गेले आणि वायर ३२ मिमीवर असली, तर हूक तुळईच्या अगदी मधोमध असूनही वायरीत घुसतो.

वायर याहून खाली असेल तर तिच्याखाली पोलादी संरक्षक पट्टी ठोकण्याची पद्धत आहे. त्यामुळे बिटला मध्येच धातू लागला तर ‘खिळा असेल’ म्हणून जोर लावू नका. तो धातू वायर वाचवण्यासाठी बसवलेला असू शकतो. हात काढा, जागा बदला.

## टप्पा ६: आता वीज बंद करा, आणि बंद झाली हे सिद्ध करा

भिंतीवरचं बटण बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. वर सांगितलं तसं, दिव्याचा पॉइंट जंक्शन असेल तर बटण बंद असतानाही तिथे कायमची जिवंत वायर असते.

१. मेन स्विच बंद करा. एकाच खोलीचा एमसीबी (त्या लाइनचा आपोआप पडणारा स्विच) बंद करून भागत नाही, कारण छतावरून जाणारी वायर वरच्या मजल्याच्या किंवा शेजारच्या खोलीच्या सर्किटची असू शकते.

२. इन्व्हर्टर, जनरेटर, सोलरची बॅटरी असेल तर तीही वेगळी बंद करा. मेन गेला की इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो, आणि बऱ्याचदा दिव्यांची लाइन त्याच्यावरच असते. हे विसरणारे खूप आहेत.

३. घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि मेनवर चिठ्ठी चिकटवा. तुम्ही शिडीवर असताना ‘लाइट का गेली’ म्हणून कुणीतरी तो वर करतो.

४. बंद करण्याआधी ज्या सॉकेटवर आणि ज्या दिव्यावर टेस्टर जिवंत दाखवत होता, तिथेच पुन्हा धरा. आता काही दाखवायला नको. त्यानंतर टेस्टर बिघडलेला नाही ना, हे जिवंत असलेल्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणी किंवा टेस्टर तपासायच्या उपकरणावर पुन्हा बघा. चालू जागी, बंद जागी, परत चालू जागी, असं तीनदा.

आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गळती झाल्यावर वीज तोडतो. वायरीत बिट जाण्यापासून तो वाचवत नाही.

> पडताळा: मेन बंद, इन्व्हर्टर बंद, चिठ्ठी लावली, टेस्टर तीन वेळा तपासला. चारही झाल्याशिवाय शिडीवर चढू नका.

## टप्पा ७: चाचणीचं भोक

उपकरण सांगतं तो अंदाज, पुरावा देतं ते भोक. गॉगल आणि मास्क लावा. भोक डोक्यावर असणार आहे, सगळी भुकटी थेट डोळ्यांत येते. कागदी पेल्याच्या तळाला भोक पाडून तो बिटवर चढवलात तर बरीचशी धूळ त्यात पडते.

आधी आरी. खुणवलेल्या मध्यावर हाताने दाबत फिरवा. बोर्ड संपताच ती एकदम आत गेली तर वर पोकळी आहे. अडली, आणि दाब वाढवावा लागला, तर लाकूड.

मग २ मिमीचं बिट. त्यावर टोकापासून ४० मिमीवर टेप गुंडाळा. हे माप मुद्दाम निवडलं आहे. १२.५ मिमीचा बोर्ड वजा केला की लाकडात साधारण २७ मिमी जातं. १९ मिमीची रीप ओळखायला तेवढं पुरतं, आणि ३२ मिमीवर असू शकणाऱ्या वायरीपर्यंत ते पोचत नाही. बोर्ड जाड असेल तर त्या हिशेबाने टेप सरकवा.

सावकाश फिरवा आणि बिटकडे बघत राहा. सुरुवातीला पिठासारखी पांढरी भुकटी येते. मग रंग बदलतो आणि बिटच्या खाचांतून पिवळसर-तपकिरी, बारीक वळलेला लाकडाचा कीस बाहेर यायला लागतो. बोटांत चोळला तर तो भुकटीसारखा विरत नाही, तंतू हाताला लागतात. कीस शेवटपर्यंत येत राहिला आणि टेपपर्यंत विरोध एकसारखा लागला, तर तुळई. कीस येऊन मध्येच, साधारण ३० मिमीच्या सुमारास बिट एकदम सैल पडलं, तर ती रीप. तिथे थांबा, आणि रीप तुळईला जिथे छेदते ती जागा शोधा. तिथे रिपेची जाडी ओलांडून तुळईत पुरेसे आटे जातील असा लांब हूक घ्यावा लागेल.

कीस काळपट, ओलसर, कुबट वासाचा येत असेल किंवा लाकूड लोण्यासारखं कापलं जात असेल, तर ते कुजलेलं आहे किंवा वाळवीने पोखरलेलं आहे. हूक राहू द्या, आधी तुळईचं बघा.

लाकूड सापडल्यावर दोन्ही बाजूंना दहा-दहा मिमीवर आरीने टोचून कडा पक्क्या करा. ३८ मिमी रुंद तुळईत १० मिमी जाडीचा हूक मधोमध बसला तर दोन्ही बाजूंना १४ मिमी लाकूड राहतं. तोच हूक १० मिमी सरकला तर एका बाजूला ४ मिमीच उरतं, आणि तिथे लाकूड फाटतं.

शंका उरलीच असेल तर तुळईच्या शेजारी, फक्त बोर्डाच्या जाडीइतकं, ८ ते १० मिमीचं भोक पाडून त्यातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत घाला. तुळईच्या बाजूला क्लिपने बसवलेली वायर असेल तर समोरच दिसते. ते भोक नंतर पुट्टीने भरता येतं.

## टप्पा ८: मुख्य भोक आणि हूक

बिटची जाडी हुकाच्या आट्यांमधल्या गाभ्याइतकी हवी. बिट हुकासमोर धरून उजेडाकडे बघा. गाभा बिटमागे झाकला जावा आणि आटे दोन्ही बाजूंना बाहेर दिसावेत. मऊ लाकडात गाभ्यापेक्षा किंचित बारीक चालतं, टणक लाकडात बरोबर गाभ्याइतकं घ्या. बिट लहान घेतलं तर हूक पिळताना तुळई फाटते किंवा हूकच मोडतो. मोठं घेतलं तर आट्यांना धरायला काही उरत नाही.

खोली अशी मोजा: छताची जाडी अधिक आट्यांची लांबी. १२.५ मिमी बोर्ड आणि ५० मिमी आटे, म्हणजे ६३ मिमीवर टेप. लाकडातली खोली ३२ मिमीपलीकडे जात असेल तर टप्पा ५ मधली तपासणी नीट झाली का, हे स्वतःला पुन्हा विचारा. वरून किंवा कॅमेऱ्याने बघितलेलं नसेल तर भार हलका ठेवा आणि आखूड हूक घ्या.

ड्रिल छताला काटकोनात धरा. अर्ध्यावर थांबून भोक साफ करा, पुन्हा सुरू करा. अचानक विरोध वाढला, खरखर झाली, धातूची चमक दिसली तर तिथेच थांबा.

आट्यांना थोडं मेण लावा, हूक सहज फिरतो. साबण टाळा, तो ओलावा धरून गंज आणतो. पहिले काही फेरे हाताने, मग हुकाच्या आकड्यात स्क्रूड्रायव्हर आडवा घालून. सगळे आटे आत गेले आणि हुकाची गोल कड छताला नुसती टेकली की पुरे. त्यापुढचा अर्धा फेरा बोर्ड चिरडतो. हूक फिरत राहिला आणि घट्टच होत नसेल, तर आटे लाकडात धरलेले नाहीत. तो काढून त्याच भोकात जाड हूक घालण्यापेक्षा त्याच तुळईवर निदान ५० ते ७५ मिमी बाजूला नवीन भोक पाडा.

## तरीही बिट वायरीला लागलं तर

वीज बंद असेल तर लगेच धोका नाही, पण काम तिथेच संपलं. वीज चालू होती, ठिणगी उडाली किंवा एमसीबी पडला, तर ड्रिल सोडा, कुठल्याही धातूला हात लावू नका, शिडीवरून उतरा आणि मेन बंद करा. पडलेला एमसीबी ‘बघू तरी’ म्हणून वर करायचा नाही. वायरमनला बोलवा आणि ती लाइन मेगरने, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का ते दाखवणाऱ्या उपकरणाने, तपासून घ्या. ‘नुसतं खरचटलंय’ असं वाटत असेल तरीही बोलवा. छतात हात घालून त्यावर चिकटपट्टी गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे, कारण वायर किती आतपर्यंत दुखावली आहे ते खालून दिसत नाही.

आतली वायर कापडी किंवा रबरी आवरणाची, तडकलेली दिसली, तर तुमचं बिट तिला लागलं नसलं तरी वायरमनला दाखवा. अशा आवरणाचा बोटाच्या धक्क्यानेही तुकडा पडतो.

## टप्पा ९: भार टाकणं

हूक लावल्या लावल्या पूर्ण वजन टांगू नका. आधी हुकाला धरून हाताने हळूहळू खाली ओढा, मग थोडं तिरपं. हूक हलला, कड छतापासून सुटली किंवा भुकटी पडली, तर काढा आणि कारण शोधा. हाताच्या ओढीत टिकला तर निम्मं वजन टांगून एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी हुकाभोवती रंगाला बारीक चीर आली आहे का, ते बॅटरीच्या तिरप्या उजेडात बघा. काही नसेल तर पूर्ण वजन टांगा आणि आठवड्याने पुन्हा एकदा बघा.

एकाच तुळईवर बरेच हूक जवळजवळ लावू नका, आणि जड वस्तूसाठी शक्यतो तुळईच्या टोकाकडची, भिंतीजवळची जागा निवडा. तुळई सगळ्यात जास्त वाकते ती मध्यावर.

वीज सुरू करा: आधी मेन, मग एकेक एमसीबी, शेवटी इन्व्हर्टर. प्रत्येक दिवा, प्रत्येक सॉकेट चालू करून बघा. मग टप्पा ५ मध्ये काढलेल्या कागदावर तुळयांच्या रेषा, सापडलेल्या वायरी आणि आज लावलेला हूक भिंतीपासूनच्या मापांसह लिहा, टेप काढण्याआधी छताचे फोटो घ्या, आणि तो कागद एमसीबीच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या वेळी छताला ड्रिल लावणारा माणूस, तो तुम्ही असा किंवा दुसरा कुणी, वीज बंद करायला तिथेच येणार आहे.